अकरा दुकानांचा हिवाळा

मार्गशीर्ष लागला की औरंगपुऱ्यात पावणेसहालाच दुकानांचे दिवे लागायला लागतात. आधी औषधवाल्याचा पांढरा, मग चपलांच्या दुकानाचा, मग कोपऱ्यावरच्या हातगाडीवरचा, बोरांच्या ढिगावर टांगलेला एकच पिवळा. हवेत गारवा उतरलेला असतो, हरभऱ्याच्या ओल्या गड्ड्यांचा आंबूस वास असतो, आणि माणसं उगीचच रेंगाळत चालतात. सगळ्या शहराला आवडते ही वेळ. मलाही आवडायची. आता मी भाजीपाला सकाळीच आणून ठेवते आणि पाच वाजले की रस्त्याकडची खिडकी लावून घेते.

दोन हिवाळ्यांपूर्वी याच दिवसांत मी दुकानं बांधत होते. हाताच्या बोटाएवढी. दार अडीच सेंटिमीटरही नाही, पाटीवरचं अक्षर दोन मिलिमीटरचं.

इक्बाल सर आणि मी एकाच शाळेत एकोणतीस वर्षं होतो. ते विज्ञान शिकवायचे, मी चित्रकला. त्या एकोणतीस वर्षांत आम्ही एकमेकांशी फार तर वेळापत्रकावरून बोललो असू. रिटायर झाल्यावर त्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले, तर रांगेत माझ्यापुढं सर. माझे यजमान जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. सरांच्या पत्नी त्याच्याही आधी गेल्या होत्या. ‘आपण जिवंत आहोत, हे सही करून सांगावं लागतं बघा,’ असं काहीतरी मी म्हणाले. ते हसले, आणि मग एकदम म्हणाले, “मॅडम, तुमचा हात स्थिर आहे का अजून?”

मी हात पुढं धरून दाखवला. बँकेत, सगळ्यांसमोर.

“मग या एकदा घरी. मला लई बारीक पाट्या रंगवून पाहिजेत.”

त्यांचं घर भडकल गेटजवळ. खाली त्यांची मोठी बहीण, जिला सगळे आपा म्हणत, ती राहायची. ऐकायला थोडं कमी, नजर मात्र सुईसारखी. वरच्या खोलीत नऊ फूट लांब प्लायवुडचं टेबल होतं आणि त्यावर रुळांची लांबट फेरी. काळं इंजिन, मागं चार डबे. सरांनी स्टेशन स्वतःच बांधलं होतं, दगडी भिंतीचं, त्यांच्या लहानपणीच्या लासूरचं. स्टेशनसमोर मात्र नुसता रंगवलेला रस्ता होता आणि रस्त्याच्या कडेला खडूनं आखलेले अकरा चौकोन.

“ही आमची दुकानांची लाईन,” सर म्हणाले. “अब्बांचं शिलाईचं दुकान इथं. शेजारी सायकलवाला. त्याच्या शेजारी भज्यांचं हॉटेल. आता तिथं यातलं काहीच नाय. फोटोही नाय एक. डोक्यात आहे तेवढंच.”

त्यांना ती लाईन उभी करायची होती, आणि नुसती उभी नाही, संध्याकाळची. शेवटची गाडी यायच्या आधी दुकानदार दिवे लावत, ती वेळ. भिंती ते कापू शकत होते, वायरी जोडू शकत होते. पाट्या, रंग, पत्र्यावरचा गंज, भिंतीवरचा धूर, हे त्यांना जमत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी जायला लागले. चारला पोचायचं, सात वाजता निघायचं.

इतकं काही मी आयुष्यात केलं नव्हतं, हे मला सांगायचं आहे. तीस वर्षं मी सातवीच्या पोरांना तांब्या आणि दोन सफरचंदं काढायला लावली. स्वतः काही केलं नाही. आणि आता औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं कंगव्यावर दाबून मी पन्हाळीचे पत्रे करत होते. उदबत्तीच्या पुड्याच्या फळ्या, काडेपेटीच्या काड्यांचे वासे, चहापत्ती वाळवून कुटून रस्त्यावरची धूळ. ‘येथे सायकल भाड्याने मिळेल’ ही पाटी मी तीन केसांच्या ब्रशनं रंगवली. श्वास रोखून. ती झाल्यावर सरांनी ती चिमट्यात धरून डोळ्यांसमोर नेली आणि मोठ्यानं वाचली, एकेक अक्षर. “‘भाड्याने’वरची मात्रा जरा तिरकी आहे. तिथंही तिरकीच होती. तुम्हाला कसं कळलं?”

भिंतींना आतून काळा रंग द्यायचा, हे सरांनी शिकवलं. नाहीतर पुठ्ठ्यातून उजेड झिरपतो आणि दुकान कंदिलासारखं दिसतं. उजेड फक्त दारातून आणि खिडकीतून यायला पाहिजे. दिवा म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा एलईडी. त्याच्या वाटेत रेझिस्टर घालायचा. रेझिस्टर जेवढा मोठा, तेवढा दिवा मंद. पैठण गेटजवळच्या दुकानातून सरांनी मुद्दाम दहा हजार ओहमचे आणले होते.

“इतका मंद?” मी विचारलं.

“लासूरला तेव्हा करंट असाच होता, मॅडम. दिवा लागलाय का नाय, ते जवळ जाऊन बघावं लागायचं.”

पहिलं सायकलचं दुकान तयार झालं, त्या संध्याकाळी त्यांनी खोलीतली ट्यूब बंद केली. अंधारात हळदीच्या बोटाएवढा उजेड उमटला. त्यात माझा गंजका पत्रा दिसत होता, भिंतीला टेकलेली तारेची सायकल दिसत होती, तिची सावली दिसत होती. मी टाळ्या वाजवल्या. माझ्या स्वतःच्या लग्नात मी इतकी खूश झाले होते की नाही, आठवत नाही.

त्या खोलीचा वास अजून नाकात आहे. सोल्डरिंगचा राळेसारखा धूर, फेविकॉल, आणि चारच्या सुमाराला जिन्यावरून आधी वर येणारा आपाच्या आल्याच्या चहाचा वास. चहाबरोबर नानखटाई. सर वायरी जोडता जोडता लाईनवरच्या माणसांबद्दल बोलत. भज्यांच्या हॉटेलवाल्याला गाडीच्या शिट्टीवरून किती माणसं उतरणार ते कळायचं म्हणे. अब्बा मशीनवर दिवा इतका खाली टांगायचे की कपडा पिवळा का पांढरा, ते सकाळीच कळायचं. मी ऐकत रंगवत बसायची. घरी परतताना थंडीनं कान दुखायचे आणि मला उद्याची घाई असायची. साठी उलटलेल्या बाईला उद्याची घाई असणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच माहीत.

तिसऱ्या आठवड्यात आपानं सरांच्या डाव्या हाताला चहाचा कप ठेवला. सर समोर सोल्डर करत होते. त्यांनी “शुक्रिया आपा” म्हटलं, हात नेला तो कपाच्या पलीकडं, आणि कोपरानं कप बियाण्याच्या दुकानाच्या छपरावर सांडला.

“माझंच चुकलं, ध्यान नव्हतं,” ते म्हणाले. आम्ही छप्पर पुन्हा केलं.

पण मला त्या क्षणीच कळलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथं सरळ लिहिते. संशय आला, शंका आली, असं नव्हे. कळलं. माझ्या सासूबाईंना काचबिंदू होता. आठ वर्षं मी त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले, दर दोन महिन्यांनी डॉक्टरकडं नेलं. आधी कडेचं जातं, हे मला माहीत होतं. समोरचं शेवटपर्यंत राहतं. माणूस सुईत दोरा ओवतो आणि शेजारच्या खुर्चीला धडकतो. त्याला स्वतःलाही वाटतं की आपली नजर चांगली आहे. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी राखता येतं, तेही वेळेत सुरू केले तर.

त्यानंतर मी पाहत गेले. जिन्याशी ते डाव्या खांद्यानं चौकटीला घासून जायचे. गाडी डावीकडून आली की ती समोरून जाईपर्यंत ते थांबायचे आणि मग म्हणायचे, “आली.” इंजिनाचा आवाज तर सगळ्या खोलीत असायचा. मी पुढं केलेली पाटी थोडी बाजूला असली की त्यांचा हात हवेत तरंगायचा, आणि मी ती हळूच त्यांच्या समोर सरकवायची. हे मी फार सहज करायला लागले. त्यांना कळूही नये इतकं सहज.

आणि दिवे. पाचव्या दुकानाला ते म्हणाले, “मॅडम, लई अंधार वाटतोय हो. दहा हजारचा काढू, चार हजार सातशेचा घालू.” आम्ही पाचही दुकानांचे बदलले. सातव्याला हजाराचे. नववं होतं अब्बांचं, ‘न्यू बाबा टेलर्स’. तारेच्या तुकड्याचं शिलाई मशीन, त्यावर खाली टांगलेला दिवा. त्याला त्यांनी चारशे सत्तरचा लावला आणि मग सगळ्यांनाच तो लावायला घेतला. लासूरच्या त्या मंद लाईनीचे डोळे दिपवणारे सोन्याचांदीचे शोरूम झाले. भिंतींतून उजेड फुटायला लागला. “आता कसं बरोबर दिसतंय,” सर म्हणाले. मी म्हणाले, “हो, छान दिसतंय.” आणि फुटणारा उजेड झाकायला भिंतींना काळ्या रंगाचा दुसरा हात दिला.

का बोलले नाही?

एक वाक्य लागलं असतं. ‘सर, एकदा डोळे दाखवून या.’ पण मग डॉक्टर आले असते, मग पुण्याहून त्यांची मुलगी निखत आली असती, तिनं त्यांना घेऊन जाण्याचा हट्ट धरला असता, तो तिचा जुनाच हट्ट होता. सोल्डरिंग बंद झालं असतं. चार वाजता मला कुठं जायचं राहिलं नसतं. मी स्वतःला सांगायची, सोमवारी बोलू. मग सांगायची, हे दुकान होऊ दे. मग म्हणायची, अकरा झाली की लगेच. पंधरा दिवसांनी काय बिघडतं. सासूबाईंचं तर वर्षानुवर्षं चाललं होतं. त्यांचे थेंब चालू होते आणि सरांचे नव्हते, एवढा फरक मी मनात येऊच दिला नाही.

डिसेंबरात एकदा आपानं मला खाली थांबवलं. मी चपला घालत होते. तिनं वरच्या जिन्याकडं पाहिलं आणि माझं मनगट धरलं.

“सुलभाबाई, इक्बाल को कम दिखरा क्या जी? तुम तो रोज पास में बैठते.”

मी तिच्या कानाजवळ जाऊन मोठ्यानं म्हणाले, “उमर हो गई, आपा. मेरेकू भी कम दिखता.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं मनगट सोडलं.

संक्रांतीच्या सुट्टीला निखत आली. ती आमच्याच शाळेतली, माझ्याच हाताखाली तांब्या-सफरचंद काढलेली. अकरावं दुकान आदल्याच संध्याकाळी लागलं होतं. संध्याकाळी सगळे वर जमलो, म्हणजे आम्ही चौघंच. आपा खुर्चीवर, सर गाडीच्या रेग्युलेटरपाशी. ट्यूब बंद झाली, लाईन उजळली, गाडी सुटली. निखत सरांच्या डाव्या अंगाला उभी होती. तिनं पुण्याहून आणलेल्या बाकरवडीची बशी त्यांच्यापुढं केली.

“अब्बू, घ्या ना.”

सर समोर बघत हसत होते. बशी त्यांच्या गालापासून वीतभर लांब होती.

“अब्बू?”

तिनं बशी खाली ठेवली. तळहात उघडा करून त्यांच्या कानाच्या रेषेत हलवला. मग थोडा पुढं. मग अजून पुढं. सर हसत गाडी बघत होते. हात जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा ते दचकून मागं झाले. “अरे, हे काय?”

निखतनं ट्यूब लावली. गाडी फिरतच होती. कुणी ती थांबवली नाही.

“टीचर,” ती माझ्याकडं वळली, “तुम्ही रोज इथं असता. तुमच्या लक्षात नाही आलं?”

“नाही गं,” मी म्हणाले.

आपा खुर्चीतून माझ्याकडं पाहत होती. तिला ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही. तिनं मान खाली घातली आणि पदराचा काठ बोटाला गुंडाळत बसली. आजपर्यंत ती त्यावर एक अक्षर बोललेली नाही.

पुढचं लवकर सांगते, कारण ते लवकरच झालं. डावा डोळा जवळजवळ गेलेला होता. उजव्यात फुंकणीतून दिसावं तेवढंच उरलं होतं आणि दाब फार वाढलेला होता. निखतनं मला फोनवर सांगितलं, “डॉक्टर म्हणाले, दीड-दोन महिने आधी आणलं असतं तर उजवा राखता आला असता कदाचित.” मी ‘कदाचित’ हा शब्द घट्ट धरून ठेवला. अजून धरलेला आहे. रोज तो हातात घेऊन बघते, त्यात काही नसतं. पुण्यात ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही. पावसाळ्यापर्यंत सरांना खिडकी कुठं आहे एवढंच कळत होतं, आणि दिवाळीपर्यंत तेही नाही.

ते पुण्याला राहिले नाहीत. आपाकडंच आले, आणि मीही जात राहिले, रोज नाही, बुधवारी. वरच्या खोलीत आम्ही गेलो नाही. खालीच बसायचो. ते रेडिओ लावायचे, मी पेपर वाचून दाखवायची. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर मला घरी जाऊन झोप लागली असती.

यंदा आपाचे गुडघे गेले. दोघांनाही पुण्याला नेण्याचं ठरलं, आणि घर रिकामं करायचं म्हणून गेल्या आठवड्यात सरांनी मला बोलावलं. “वायरिंग तुम्हालाच माहीत आहे, मॅडम. दुसऱ्या कुणी ओढाताण केली तर सगळं मोडेल.”

सकाळी अकराची वेळ होती. खोलीत स्वच्छ ऊन होतं. टेबलावर दोन वर्षांची धूळ बसली होती, खऱ्या धुळीखाली माझी चहापत्तीची धूळ दिसेनाशी झाली होती. सर भिंतीशी खुर्चीवर बसले. मी एकेक दुकान सोडवून त्यांच्या हातात द्यायची, ते बोटांनी छप्पर चाचपून ओळखायचे, मग मी ते कागदात गुंडाळून खोक्यात ठेवायची. हॉटेल. पानाचं दुकान. सलून. त्यांचे अंगठे पाट्यांवरून फिरायचे, पण रंगाला उंची नसते, अक्षरं त्यांना लागत नव्हती.

अब्बांचं दुकान त्यांनी बराच वेळ मांडीवर धरलं.

“मॅडम, एक विचारू?”

“विचारा ना.”

“डॉक्टर निखतला काय बोलले, ते मी ऐकलं होतं. पडद्यामागंच होतो. दीड-दोन महिने म्हणाले ते.” त्यांनी दुकान मांडीवरच फिरवलं. “आपण रोज तीन-तीन तास बसायचो. तुम्हाला कधी काही जाणवलं नाय?”

खाली रस्त्यावर एक रिक्षा बराच वेळ हॉर्न देत होती. ती गेली.

“नाही, सर,” मी म्हणाले.

त्यांनी मोठा श्वास सोडला. त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला की मला बघवेना.

“लई बरं वाटलं. दोन वर्षं हेच डाचत होतं मला. कारण मला कळत होतं, मॅडम. थोडं थोडं. सांगायची हिंमत नव्हती. हे सगळं बंद पडेल, पुण्याला नेतील, वाटायचं. रोज मनात म्हणायचो, आज मॅडमनी विचारलं तर सांगून टाकू. कुणीतरी विचारायला पाहिजे होतं बस. तुम्ही एकदा जरी विचारलं असतं ना, तर खोटं नसतो बोललो.” ते हसले. “पण तुम्हाला दिसलंच नाय, तर तुम्ही काय करणार? तुमचा त्यात काय दोष?”

मी बोलायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. आता सांगितलं तर काय होईल, ते मला दिसत होतं. दोन वर्षांनी त्यांना मिळालेली ती मोकळीक मी त्यांच्याकडून काढून घेणार होते, स्वतःचं ओझं हलकं करण्यासाठी. का हेही मी माझ्याच सोयीचं बोलते आहे? तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही.

“द्या सर ते,” मी म्हणाले, आणि त्यांच्या मांडीवरून दुकान उचललं. “अजून दोन राहिलीत.”

शनिवारी ते पुण्याला गेले. खोकी निखतच्या गाडीच्या डिकीत गेली.

आता रोज दुपारी त्यांचा फोन येतो. आपाला पुण्याचं पाणी मानवत नाही, निखतच्या घरात लई पायऱ्या आहेत, शेजारी कुणीतरी बासरी शिकतंय, असं सांगत बसतात. परवा मी फोन उचलला नाही. वाजून वाजून बंद पडेपर्यंत त्याच्याकडं बघत बसले. काल उचलला.

“परवा कुठं होता, मॅडम? काळजी वाटली. इथं दुसरं कुणी नाय हो माझं, मनातलं सांगावं असं.”

“फोन चार्जिंगला होता, सर,” मी म्हणाले. “ऐकू नाही आला.”